कॅप्टनच्या घराण्यातला जावई

शुक्रवारच्या नमाजाची गर्दी पांगली, कुवेतमधल्या खैतानच्या गल्लीत गाडी लावायला जागा झाली, तेव्हा कुठे नेथन आणि त्याची आई वर आले. तोवर अंजूवहिनीची पुऱ्यांची कणीक सुकायला लागली होती आणि सुभाषदादा कोचावरच्या उशा पुन्हा पुन्हा सरळ करत होता. बैठक म्हटली की मुलाकडच्यांनी उशिरा यायचं आणि मुलीकडच्यांनी घड्याळाकडे बघत हसरा चेहरा ठेवायचा. अमेरिकेच्या माणसांनी हा रिवाज कुणी न शिकवता पाळला, याचं विजयाला हसू आलं.

हसू आलं ते तेवढंच. बाकी सकाळपासून ती धुमसत होती, आणि त्याचं कारण टीपॉयवरच पडलं होतं, लाल-सोनेरी, वर गणपती. तिच्या लेकीच्या, पूर्वीच्या, लग्नाच्या पत्रिका दादाने कराडहून छापून मागवल्या होत्या. पोरीच्या आईला एका शब्दाने विचारलं नव्हतं. बैठक व्हायच्या आधी पत्रिका छापणारा माणूस विजयाने आजवर दुसरा पाहिला नव्हता.

वराच्या नावाखाली छापलं होतं: ‘अमेरिकेतील कॅप्टन सॅम्युएल रँकिन यांच्या थोर घराण्यातील’. वधूच्या नावाखाली: ‘कै. दिलीपराव माने यांची सुकन्या’. विजयाचं नाव अगदी खाली, ‘श्रीमती’ लावून, निमंत्रकांच्या गर्दीत कोंबलेलं.

कॅप्टनविषयी विजयाला फारसं ठाऊक नव्हतं. दिलीपरावांविषयी मात्र पक्कं ठाऊक होतं. हा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता.

पूर्वी पोटात राहिली तेव्हा विजयाचं लग्न झालेलं नव्हतं. ज्याने शब्द दिला होता त्याने दुसरीकडे बाशिंग बांधलं. वडिलांनी तिला घराबाहेर काढलं, आईने आतून कडी लावली. पाठीशी उभा राहिला तो एकटा दादा. त्याने पुण्यात खोली बघून दिली, बाळंतपण पार पाडलं आणि कुवेतात बस्तान बसल्यावर मायलेकींना इकडे आपल्या घरी आणलं. आणताना त्याने तिला एक नवराही मिळवून दिला. दिलीप माने, अपघातात गेलेला. पोरीच्या जन्मदाखल्यावर तेच नाव चढवलेलं होतं. एका फोटो स्टुडिओतून कुणीतरी न्यायचा विसरलेला फोटो आणला, नीट भांग पाडलेला, सज्जन चेहऱ्याचा, आणि त्याला चंदनाचा हार घालून भिंतीवर लावला. तेव्हा विजयाने मान हलवली. कडेवर पोर आणि डोक्यावर छप्पर नाही, अशा वेळी तिने कशालाही मान हलवली असती.

एकदा खोटं बोलून भागलं असतं तर तिने तेही सोसलं असतं. पण दादाला कुठलीच गोष्ट अर्धवट ठेवता येत नाही. त्याने पितृपंधरवड्यात दिलीपरावांचा म्हाळ घालायला सुरुवात केली. तिथी त्यानेच ठरवली. वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं रीतसर. इमारतीच्या गच्चीवर पान ठेवायचं. कावळा काही फिरकायचा नाही, पारवे मात्र झुंडीने यायचे. “चालतंय, इथं तेच,” असं म्हणून दादा हात जोडायचा. पूर्वी लहान असताना त्या दिवशी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी फोटोपुढे उभी राहायची आणि आपले मार्क सांगायची.

बाकीच्यांचं काय सांगावं! पुढे लग्न होऊन आलेल्या अंजूवहिनीलाही दादाने हीच गोष्ट सांगितली होती. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला विजया आत कॉफी ढवळत बसायची. मधे एकदा सुयोग नावाच्या एका भल्या माणसाने तिला मागणी घातली होती. तेव्हा दादा म्हणाला होता, “माने मंडळी काय म्हणतील?” मानेच नव्हते, तर म्हणणार कोण! पण दादा ते इतक्या गंभीरपणे म्हणाला होता की विजयाला त्याचीच भीती वाटली होती.

आता कॅप्टनचं. नेथन इथल्या एका शाळेत गणित शिकवतो, पूर्वी एका बँकेच्या आयटीत आहे, आणि दोघांची ओळख अर्दियातल्या बॅडमिंटन कोर्टावरची. हे कळल्यावर दादाने आधी थयथयाट केला, मग अट घातली. “कूळ कळल्याशिवाय पोरगी द्यायची नाही. आपल्यात काय बघतात ते त्यांना सांग. मूळ गाव कुठलं, घराणं कुठलं, कोण कुठून आलं. सगळं पाहिजे.” गोऱ्या लोकांना आजोबापलीकडचं काही ठाऊक नसतं आणि गाडं तिथेच अडेल, असा त्याचा हिशेब होता.

हिशेब चुकला. नेथनच्या आईने, डॉनाबाईंनी, ही अट मनावर घेतली. नवऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं ते त्यांनी फोनवर सांगितलं: हे रँकिन मूळचे स्कॉटलंडचे. तिथून उठून उत्तर आयर्लंडात, अल्स्टरला गेले, तिथे जवसाच्या सुताचं कापड विणलं. जमीनदारांनी खंड वाढवला तसे तिथूनही उठले आणि अमेरिकेवर इंग्रजांचा राजा होता तेव्हा समुद्र ओलांडून गेले. व्हर्जिनियाच्या खोऱ्यात कॅप्टन सॅम्युएल रँकिन नावाचा मोठा जमीनवाला होऊन गेला, आम्ही त्याचे. “पण हे सगळं ऐकीव आहे हं, मी अजून शोधतेय,” असंही त्या म्हणाल्या होत्या. दादाने ‘कॅप्टन’ ऐकलं आणि कराडला फोन लावला. पुढचं वाक्य ऐकायला तो थांबलाच नाही. आठवड्याभरात निम्म्या कराडला आणि मंडळाच्या सगळ्या सभासदांना कळलं होतं की सुभाष जगदाळ्यांची भाची अमेरिकेतल्या सरदार घराण्यात पडणार.

म्हणून आज तो नवा शर्ट घालून बसला होता. आणि म्हणून पत्रिका आधीच छापून झाल्या होत्या.

जेवणं झाली. डॉनाबाईंनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं, त्यामुळे अंजूवहिनी त्यांच्यावर खूश होती. त्यांचं डोंगराळ भागातलं इंग्रजी वहिनीला नीट कळत नव्हतं, म्हणून पूर्वी मधे मधे मराठीत सांगत होती. नेथनने दादाच्या ताटाशेजारचा पाण्याचा तांब्या स्वतः भरून आणला, तेव्हा दादाने विजयाकडे पाहून भुवया उंचावल्या. बघ, घराणं दिसतं की नाही!

“सुभाष, मला तुमचे आभार मानायचेत,” डॉनाबाई हात पुसत म्हणाल्या. “तुम्ही हट्टाने विचारलं नसतं, तर आम्ही जन्मभर भलत्याच माणसाला पूर्वज म्हणत बसलो असतो.”

ताटं उचलायला वाकलेली विजया तशीच थांबली.

“भलत्याच?” दादा हसतच म्हणाला.

“कॅप्टन रँकिन होता, खरा होता. पण तो आमचा नाही. त्याच्या मृत्युपत्रात त्याच्या सगळ्या मुलांची नावं आहेत, त्यात आमचा कुणी बसत नाही. तरी माझा नवरा ऐकेना. म्हणून त्याची आणि कॅप्टनच्या आजच्या वंशजांची लाळेची डीएनए तपासणी करून घेतली. काडीचं नातं निघालं नाही. मग मी वरून शोधायचं सोडलं आणि खालून चढत गेले. सासऱ्यांचे वडील, त्यांचे आजोबा, असं एकेक करत. पूर्वीने केवढी मदत केली, काय सांगू! शेवटी जेम्स रँकिन नावाच्या विणकरापाशी पोचलो. आणि जेम्सला बाप नाही.”

“नाही म्हणजे? सापडला नाही?”

“नाही म्हणजे नाही. आई आहे. जेन.” डॉनाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा चेहरा उजळला होता. “जेन अल्स्टरहून निघाली तेव्हा विशीची असेल. जहाजाचं भाडं द्यायला पैसे नव्हते. म्हणून उतरल्या उतरल्या तिची काही वर्षांची चाकरी पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतकऱ्याला विकली गेली. सूत कातायचं, गुरांचं बघायचं, पडेल ते करायचं. तिथे तिला मूल झालं. नवरा नव्हता. कोर्टाने तिला बापाचं नाव विचारलं, तिने सांगितलं नाही. शिक्षा म्हणून तिची चाकरी वर्षभर वाढवली. ती संपल्यावर पोराला घेऊन बाई बैलगाड्यांच्या वाटेने दक्षिणेला निघाली, ती थेट व्हर्जिनियाच्या खोऱ्यात. पोराने तिचंच आडनाव लावलं. आज आम्ही जे काही रँकिन आहोत ते त्या पोराचे. तिचे. मला तिचा इतका अभिमान वाटतो, सुभाष!”

“मामा, इमॅजिन ना,” पूर्वी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “ऑल अलोन. आणि तरी तिने कुणाचं नाव घेतलं नाही.”

विजयाच्या हातातली वाटी ताटात आडवी झाली आणि श्रीखंडाचा ओघळ तिच्या मनगटावर आला. तो पुसायचं तिला सुचलं नाही. ती दादाकडे बघत होती. दादाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, नुसतं वाळून बसलं होतं.

“म्हणजे बिनबापाचं,” तो मराठीत म्हणाला.

“मामा!”

“काय मामा? बिनबापाचंच की. मोलकरणीचं पोर, बाप कोण ठाऊक न्हाई, आणि त्याचा हा वंश.” रागावला की त्याची कराडची बोली वर यायची. “आणि मी तिकडं सगळ्यांना सांगून बसलोय, सरदाराचं घराणं म्हणून! पत्रिका छापल्यात! तोंड काळं करायचं ठरवलंय काय माझं?”

“तुला कुणी सांगितलं होतं छापायला?” विजया म्हणाली. पण तिचा आवाज तिच्याच कानांवर नीट आला नाही.

“तू गप बस. हे लग्न हुनार न्हाई.”

नेथनला शब्द कळले नाहीत, सूर कळला. तो उठून पूर्वीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. डॉनाबाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. आपण काय वाईट बोललो, हे त्या बिचारीला उमगेना.

“मामा, पावणेतीनशे वर्षं झाली त्याला,” पूर्वी म्हणाली. “तुम्हीच शोधायला लावलं. तिने खरं ते शोधून आणलं. खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?”

“रक्ताला वर्षं लागत न्हाईत. आज हा तांब्या भरून शहाणा दिसतो. उद्या तुझ्या पोराबाळांना कुणी विचारलं तर काय सांगशील? आमचं मूळ विचारू नका म्हणून?” दादा भिंतीकडे वळला, जिथे चंदनाच्या हारातून तो सज्जन चेहरा गेली कित्येक वर्षं सगळ्यांकडे बघत होता. आणि मग त्याने ते वाक्य उच्चारलं. पुढे कितीही वेळा आठवलं तरी विजयाला वाटायचं, दादा त्या वाक्यापाशी थांबला असता तर कदाचित ती अजूनही गप्पच राहिली असती.

“तुझा बाप असता तर त्यानं उंबरा चढू दिला नसता असल्यांना. मी शब्द दिलाय दिलीपरावांना. त्यांच्या शेवटच्या वेळेला, हातात हात घेऊन. पोरगी चांगल्या घरात देईन म्हणून.”

पूर्वीचा चेहरा पडला. एवढा वेळ ताठ बसलेली ती पोर खुर्चीत लहान झाली. फोटोकडे बघून तिने हळू आवाजात विचारलं, “बाबांना नसतं आवडलं?”

विचारलं ते खरंच विचारलं. भांडण्यासाठी विचारलं नव्हतं. आणि विजयाला कळलं की ही मोडणार. मामासाठी मोडली नसती, समाजासाठी तर मुळीच नाही. पण मार्क सांगितलेल्या त्या फोटोसाठी ती आपलं लग्न मोडेल आणि वर स्वतःलाच दोष देईल. जो माणूस नव्हता त्याला न दिलेल्या शब्दासाठी!

विजयाने ताटांची चळत खाली आपटली. वरची वाटी घरंगळत कोचाखाली गेली.

“दादा, पुरे झालं.”

“विजू, तू मधे—”

“पुरे म्हणाले ना! त्या बाईने नाव सांगितलं नाही म्हणून तिला वर्षभर जास्त राबवलं. माझ्या तोंडात तू खोटं नाव कोंबलंस आणि अख्खा जन्म राबवलंस. तिचं बरं म्हणायचं की माझं?” ती पूर्वीकडे वळली. हात तिने पदरात गुंडाळले. “पूर्वी, दिलीप माने नावाचा कुणी माणूस नव्हता. माझं लग्न झालेलं नव्हतं. मामाने कुणाच्या हातात हात दिला नाही, कारण हातच नव्हता.”

विजयाने मग तेच इंग्रजीत सांगितलं, दवाखान्याच्या रिसेप्शनवर कमावलेल्या स्वच्छ इंग्रजीत, डॉनाबाईंच्या डोळ्यांत बघून. आय वॉज नेव्हर मॅरिड. मराठीत बोलताना जी लाज घशाशी आली होती ती इंग्रजीत आली नाही, नुसता संताप आला.

आधी बोलली ती अंजूवहिनी. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

“म्हणजे मी कुणाचे वडे तळत होते?”

“अंजू, आत जा,” दादा म्हणाला.

“आत कशाला जाऊ? आतच तर होते इतकी वर्षं! अहो, बोला की. लग्न होऊन आले त्या वर्षापासून करतेय मी तो म्हाळ. आपल्या आर्याच्या वेळेला दिवस भरले होते तरी गॅसपुढं उभी होते, कारण तुम्ही म्हणालात, मेलेल्या माणसाचा घास चुकवायचा नाही. आणि तो मेला नाही, तर जन्मलाच नाही?” वहिनीचा आवाज चिरकला. “गेल्या वर्षी मला ताप होता. तापात खीर ढवळली मी! माझ्या स्वतःच्या वडिलांचं करायला मला माहेरी जाऊ दिलं नाहीत, इथलं राहील म्हणून. इथलं काय राहिलं असतं? सांगा ना! काय राहिलं असतं?”

दादा विजयावर उलटला.

“मी कुणासाठी केलं गं हे? माझ्यासाठी? रस्त्यावर होतीस तू. सख्ख्या बापानं हाकललं होतं. कोण आलं होतं तेव्हा?”

“तू आलास. ते मी मरेपर्यंत नाकारणार नाही. तू उचललंस मला, दादा. पण उचललंस ते उचललंस, परत कधी पायावर उभं राहू दिलं नाहीस.”

“लोक काय म्हणाले असते, ठाऊक आहे?”

“काय म्हणाले असते?”

दादाने नजर वळवली.

“सांग ना. काय म्हणाले असते माझ्या पोरीला?” विजया त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. “बिनबापाची म्हणाले असते. आत्ता जेवून उठता उठता तूच म्हणालास. ज्या लोकांना घाबरून मला विधवा केलंस ना, ते लोक कुणी दुसरे नाहीत, दादा. ते लोक तूच आहेस.”

दादा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. विजयाला त्याची दया आली नाही. यायला हवी होती असंही वाटलं नाही. इतकी वर्षं या माणसापुढे मान खाली घालून तिची मान दुखून आली होती.

“अँड यू?”

हे पूर्वी म्हणाली. ती उठली होती. नेथनने खांद्यावर ठेवलेला हात तिने झटकला.

“मामाने केलं, ओके. मामा असेच आहेत. पण तू? तू रोज होतीस ना घरात. दहावीचा रिझल्ट लागला तेव्हा मी त्या फोटोसमोर बसून रडले होते. तू बाहेरून दार लोटून घेतलंस, मला एकटीला बसू दे म्हणून. यू न्यू! तुला ठाऊक होतं मी कुणाशीच बोलत नाहीये, आणि तू दार लोटलंस!”

“तुला तेवढा तरी आधार—”

“आधार? कोण आहे तो? फोटोतला?”

“मला माहीत नाही.”

“तुला माहीत नाही.” पूर्वी हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. “मी कुणातरी अनोळखी माणसाला माझे मार्क सांगत होते. आणि माझा? खरा? तोही मेला का?”

“नाही. आहे. कराडलाच असतो. बायको-मुलं आहेत.”

“त्याला माहितीये मी आहे ते?”

“आहे.”

हा घाव विजयाला द्यायचा नव्हता. पण आता खोटं बोलायला तिच्याजवळ काही उरलंच नव्हतं. पूर्वीने खालचा ओठ दातात धरला, लहानपणी पडली की धरायची तसा.

“त्याचं नाव...” विजयाने सुरुवात केली.

“नको!” पूर्वी ओरडली. “आज मला कुणाचं नाव ऐकायचं नाही. बास झाली तुमची नावं.”

नेथन हळू आवाजात आपल्या आईला काहीतरी सांगत होता. डॉनाबाई उठल्या. त्या येऊन आपल्याला मिठी मारतील, शूर वगैरे म्हणतील, अशी विजयाला धास्ती वाटली. तसं झालं असतं तर तिने त्यांना ढकलून दिलं असतं. पण डॉनाबाईंनी तसं काही केलं नाही. त्या टेबलापाशीच उभ्या राहून, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “जेनने नाव सांगितलं नाही, याचं मला शोध लागल्यापासून कौतुक वाटतंय. तिच्या पोराने तिला किती वेळा विचारलं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.”

पूर्वीने त्यांच्याकडे पाहिलं. मग पर्स उचलली.

“मामा, लग्न होणार,” ती म्हणाली. तिचा आवाज आता सपाट होता. “डिसेंबरमध्येच. तुम्ही आलात तर या. पत्रिका मात्र ही नाही. ही एकालाही द्यायची नाही.”

“आत्ता या घरातून गेलीस तर पुन्हा—” दादाने बोट उगारलं.

“पुन्हा काय, अहो?” वहिनी मधे पडली. “पुन्हा काय? ती येईल, हवी तेव्हा येईल. घर माझंही आहे. तुम्हाला जायचं असेल तर तुम्ही जा गच्चीवर, पारव्यांना जेवू घालायला!”

दादाचं बोट तसंच राहिलं आणि मग खाली आलं.

तिघं बाहेर पडली. जिन्यातल्या तापलेल्या हवेचा झोत आत आला आणि दार आपोआप लोटलं गेलं. विजया जागच्या जागी उभी होती. पोरगी वाचली, लग्न वाचलं, आणि पोरगी गेली. हे सगळं एकाच वेळी कसं झालं, ते तिला कळेना. मग दार ढकलून ती बाहेर धावली.

लिफ्ट आली होती. डॉनाबाई आणि नेथन आत होते. पूर्वी दारात उभी राहून पाठीने दार अडवून होती. ती विजयाकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या बटणांकडे बघत होती.

“पूर्वी,” विजया म्हणाली. पुढे काय म्हणायचं ते तिने ठरवलं नव्हतं. “मी पण...”

“माझ्याशी बोलू नकोस.”

“बरं.”

“गाडीत मागे बस. अजिबात बोलायचं नाही. एक शब्द नाही. आय ॲम सो अँग्री विथ यू, तुला कल्पना नाही.”

“बरं.”

लिफ्टने दार मिटायचा प्रयत्न केला, पूर्वीच्या खांद्याला लागून ते पुन्हा उघडलं. विजया पुढे सरकली. तेव्हा पूर्वीची नजर खाली गेली आणि तिचा पारा नव्याने चढला.

“अशी कुठे निघालीस? चपला कुठायत तुझ्या? खाली रस्ता पेटलाय नुसता. पाय भाजून घेशील आणि मग मलाच... जा. आधी चपला घालून ये.”

विजया मागे वळली. दादाच्या दाराशी चपलांचा ढीग होता आणि दार उघडून दादा उभा होता. तिने वाकून आपल्या चपला शोधल्या. एक सापडली, दुसरी नेथनच्या आईच्या चपलांच्या जागी सरकली होती.

“विजू,” दादा म्हणाला. आवाज पडलेला होता. “विजू, ऐक तरी.”

तिने दुसरी चप्पल पायात सरकवली. मागे लिफ्ट बीप बीप करून कंटाळली होती. खालच्या मजल्यावरून कुणीतरी अरबीत ओरडत होतं, की लिफ्ट कुणी अडवून ठेवलीय. पूर्वीने त्याला उलट ओरडून सांगितलं, “दोन मिनिटं! माझी आई येतेय.”